खोली कोणालाच नको होती

आमच्या कारखान्यामागची खोली चांगली आहे. तळमजल्यावर आहे, तिला वेगळं दार आहे, आत नळ आणि मोरी आहे, आणि मागच्या अंगणाकडे उघडणारी मोठी खिडकी आहे. मालक होते तेव्हा दुपारी तिथं आडवे व्हायचे. मालक गेले, त्यांच्या मुलांना शिवणकामात रस नव्हता, आणि आम्ही कामगारांनीच मिळून कारखाना चालवायला घेतला, तशी ती खोलीही सगळ्यांची झाली. सगळ्यांची झाली आणि त्या दिवसापासून तिच्यात कुणी पाऊल टाकलं नाही. किल्ली इस्त्रीच्या टेबलावरच्या खिळ्याला लटकत असायची. येता-जाता ती दिसायची आणि येता-जाता माझ्या कपाळाला आठी पडायची.

मी रोज सकाळी दिव्यापुढे बसून त्या दिवसापुरतं एक व्रत घेते. त्या सुमारास मी एकच व्रत रोज घेत होते, की आज कुणाला टोचून बोलणार नाही. मोडलं तर रात्रीचं जेवण नाही. माझा आवाज मुळात इतका बारीक, की मी टोचून बोलले तरी पुष्कळांना ते कळत नाही. पण ज्याच्यापुढे व्रत घेतलं त्याला कळतं. त्या महिन्यात मी बऱ्याच वेळा उपाशी झोपले, आणि त्याला कारण ती खोली.

आमचा कारखाना म्हणजे शाळेचे गणवेश शिवायचा. कापड बेतायचं काम माझ्या धाकट्या दिरांचं. त्यांना सगळे मुद्दा म्हणतात, कारण ते तोंड उघडतात ते ‘मुद्दा असा की’ म्हणूनच. मी त्यांची मोठी वहिनी, म्हणून मी भावोजी म्हणते. जाडजाड पुस्तकं वाचून वाचून त्यांनी स्वतःचं एक शास्त्र केलं आहे, आणि कारखाना आमचा झाला तो त्यांच्याच चिकाटीनं, हे मी नाकारत नाही. हत्यारं सगळ्यांची, मशीनं सगळ्यांची, निर्णय सभेत, आणि प्रत्येकानं झेपेल तेवढं द्यायचं, लागेल तेवढं घ्यायचं. हे पटायला मला जड गेलं नाही. देवापुढे मी रोज तेच म्हणते, की हे माझं नाही. फरक एवढाच, की देव सभा बोलवत नाही.

भावोजींच्या सभा मात्र भरपूर. कापडावर खडूनं रेघ मारता मारता ते सांगायचे, मुद्दा असा, की माणूस मुळात हावरट नसतो. त्याला उद्याची खात्री नसते म्हणून तो आज ओरबाडतो. खात्री द्या, मग बघा.

तरी खोलीसाठी त्यांनी नियम केलेच. दोघांनी मागितली तर काय करायचं, चौघांनी मागितली तर काय, एकाला दिल्यावर दुसरा रुसला तर काय. भांडणाची सगळी तयारी होती. भांडायलाच कुणी आलं नाही.

पहिल्या सभेत भावोजींनी एकेकाला विचारलं, राहायला खोली हवी का. ओव्हरलॉकच्या मशीनवर कापडाच्या कडा शिवून घेणारी आमची एक बाई, जिला आम्ही घाई म्हणतो कारण तिला सदैव घरी जायचं असतं, ती एका खोलीत सासू-सासरे, नवरा आणि मुलांसह राहते. ती म्हणाली, मला कशाला, माझं चाललंय, आधी ज्याला गरज आहे त्याला द्या. बाजूची शिलाईवाली म्हणाली, माझं काय, मी कुठंही पडते. इस्त्रीकाका म्हणाले, आम्ही दोनच माणसं, आम्हाला घर मोठंच पडतं. असं करत करत सभा माझ्यापर्यंत आली आणि मीही नको म्हटलं. मला खरंच नको होती. पण खरं बोलूनही मी त्या नको-नको म्हणणाऱ्यांतलीच एक दिसले, याचा मला जास्त संताप आला.

पुढच्या सभेतही तेच. त्याच्या पुढच्या सभेतही तेच, फक्त चहा गार झाला होता.

बरं, कुणी दुसऱ्यासाठी मागावी, तर तेही चालत नव्हतं. आमचा एक नियमच होता, की ज्याची गरज त्यानंच सांगायची, दुसऱ्यानं त्याच्या वतीनं बोलायचं नाही. त्याला कारण होतं. मालकांच्या वेळी कुणाला अडचण आली की स्वतः जायची हिंमत नसायची, मग कुणीतरी जुना माणूस आत जाऊन रदबदली करायचा. मालक दार उघडं ठेवून सगळं खोदून विचारायचे. एका शिलाईवालीच्या बायकी दुखण्याची चर्चा सगळ्या मशीनांवरून फिरून आली होती. सुट्टी मिळाली, पण पुढे वर्षभर मालक तिला त्या सुट्टीची आठवण करून देत राहिले. तेव्हा भावोजींनी ठरवलं, की आपल्याकडे असं होऊ द्यायचं नाही. गरज हा हक्क आहे, भीक नाही, आणि हक्कासाठी रदबदली लागत नाही. नियम एकमतानं झाला होता. मीही हात वर केला होता.

तर असं सगळं चाललेलं असताना ज्यांच्या इमारतीत आम्ही भाड्यानं आहोत त्या घरमालकांनी निरोप पाठवला. खोली वापरात नसेल तर महिनाअखेर परत करा, रंगाच्या दुकानदाराला डबे ठेवायला हवी आहे. त्या दुकानदाराला मी ओळखत नव्हते, पण मला त्याचं कौतुक वाटलं. हवी आहे म्हणणारा एवढा एकच माणूस निघाला.

आता इस्त्रीकाकांचं सांगते. काकांच्या हाताखालून गेलेला शर्ट घडी मोडू नये असा दिसतो. पण ते रोज दुपारी, काम ऐन जोरात असताना, इस्त्री बंद करून घरी जायचे आणि बऱ्याच वेळानं परत यायचे. काकूंची तब्येत बरी नसते एवढंच आम्हाला माहीत. ते कुणाला घरी बोलवत नसत, आणि विचारलं तर आहे ठीक, एवढंच म्हणत. जाताना शर्टांचा एक गठ्ठा आणि बटणांची पिशवी घेऊन जायचे. म्हणायचे, दुपारचा खाडा रात्री बटणं लावून भरून काढतो. बटणं सकाळी लावून यायची, चोख.

घाईला ते खपायचं नाही. तिच्या ओव्हरलॉकचे कपडे इस्त्रीवाचून पडून राहायचे आणि तिला घरी जायला उशीर व्हायचा. काका गेले की ती सुरू. झेपेल तेवढं द्यायचं म्हणे, मग मलाही दुपारी झेपत नाही, मीही जाते.

भावोजी लगेच खडू खाली ठेवायचे. “मुद्दा असा, की माणूस मुळात कामचुकार नसतो. त्याच्या वागण्यामागे परिस्थिती असते. ती शोधायला पाहिजे.”

“मग शोधा की,” घाई म्हणायची.

भावोजी म्हणायचे, चौकशी करायला आपण मालक नाही. आणि पुन्हा कापड बेतायला लागायचे. मी काजं करत बसलेली असायचे. परिस्थिती शोधायला पाहिजे म्हणायचं आणि पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला एकदा विचारायचं नाही. माझ्या जिभेवर काय काय यायचं. मी दोरा तोडायचे आणि गप्प बसायचे.

महिना संपत आला तेव्हा चूक माझ्याच हातून झाली. काकांच्या पिशवीत मी निळ्याऐवजी पांढरी बटणं भरून दिली. ते घरून परत येऊन इस्त्रीला उभे राहिल्यावर माझ्या लक्षात आलं. मी जाऊन सांगितलं, की रात्री लावायच्या आधी बदलून घ्या, ही निळी घेऊन जा.

काका दचकलेच. म्हणाले, “अहो, मग आत्ताच पोचवायला हवीत. निम्मी लावून झाली असतील.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. घरात त्यांच्याशिवाय फक्त आजारी काकू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी इस्त्रीकडे पाहिलं. ते म्हणाले, मीच जातो. पण इस्त्री तापलेली, समोर कपड्यांचा ढीग, आणि घाई मागून म्हणाली, जाऊ द्या की काका त्यांना, पाय त्यांनाही आहेत. मी निळी बटणं घेतली आणि निघाले.

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, उभा, एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला भिंत, तीही ओलसर. प्रत्येक वळणावर मला थांबावं लागलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पलंगावर काकू उशांना टेकून बसल्या होत्या, पायांवर चादर, मांडीवर शर्ट. मी कोण ते सांगितलं. त्यांनी सुई शर्टात टोचून ठेवली आणि म्हणाल्या, “पांढरी बटणं तुम्हीच दिलीत का? मला वाटलंच, कुणाचं तरी लक्ष आज देवात होतं.”

आमची ही पहिली भेट.

मी बसले. दोघी मिळून बटणं उसवायला लागलो. त्यांचे पाय कमरेपासून गेलेले. या जिन्यावरून खाली उतरल्याला किती दिवस झाले हे त्यांनी मोजणं सोडून दिलं होतं. काका दुपारी येतात ते त्यांना जेवायला घालायला आणि कूस बदलून द्यायला. पूर्वी त्यांचं हात-शिलाईचं काम होतं, म्हणून त्यांनी हट्ट करून बटणं मागून घेतली. दिवसभर भिंत बघून माणूस वेडं होतं, म्हणाल्या. काकांनी एकच अट घातली होती, की कुणाला सांगायचं नाही. आजारी बायकोला कामाला लावलं असं लोक म्हणतील.

मी म्हटलं, “मग मागची खोली का नाही घेतलीत?”

“कुठली खोली?”

मी सांगितलं. तळमजला, नळ, मोरी, खिडकी. इस्त्रीच्या टेबलापासून चार पावलांवर दार. सांगता सांगता काकूंचा चेहरा बदलत गेला. त्यांना काही माहीत नव्हतं. सभेवर सभा झाल्या होत्या, आणि काका रोज रात्री त्यांच्याजवळ बसून नुसतं आज काय, नेहमीचंच, असं सांगत होते.

“आणि ते काय म्हणाले सभेत?”

“घर मोठं पडतं म्हणाले.”

काकूंनी हातातलं उसवलेलं बटण पिशवीत टाकलं. मग म्हणाल्या, “माझ्या वाटचं नको म्हणायला यांना कुणी सांगितलं होतं?”

मी त्यांना तो नियमही सांगितला, की मी तुमच्यासाठी सभेत बोलू शकत नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही कशाला बोलता, मला तोंड आहे. पाय नाहीत. सगळ्यांना इकडे घेऊन या.

महिन्याची शेवटची सभा शनिवारी होती. सकाळी मी दिव्यापुढे नेहमीचंच व्रत घेतलं, आणि घेतानाच मला वाटलं, हे काही आज टिकत नाही.

काम संपल्यावर सगळे बाकांवर बसले. भावोजी म्हणाले, मुद्दा असा, की आज शेवटची संधी आहे, कुणाला खोलीची गरज असेल तर निःसंकोच सांगावं. आणि पुन्हा तेच. माझं चाललंय. मी कुठंही पडते. आधी ज्याला गरज आहे त्याला. इस्त्रीकाका दाराजवळ उभे, नजर जमिनीवर. म्हणाले, आमचं काही नाही.

मी म्हटलं, सभा काकांच्या घरी घेऊ या.

कुणाला ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका म्हणाले, घर आवरलेलं नाही. मी म्हटलं, काकूंनी बोलावलंय. भावोजींनी सुरुवात केली, की मुद्दा असा, की सभेची जागा ही आपल्या नियमांत...

“भावोजी,” मी म्हटलं, “माणूस मुळात कसा असतो हे तुम्ही इतकी वर्षं खाली बसून सांगताय. एकदा तीन जिने चढून बघून या.”

माझा आवाज नेहमीइतकाच होता. पण शिलाईवालीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं, जे आधीच थांबलेलं होतं. रात्रीचं जेवण गेलं, हे मला तेव्हाच कळलं.

आम्ही सगळे निघालो. जिन्यात भावोजी पहिल्या वळणावर काही बोलत होते, दुसऱ्या वळणावर कमी बोलायला लागले आणि तिसऱ्यावर नुसते कठडा धरून उभे राहिले. घाई मागून म्हणाली, “काका, तुम्ही हे रोज करता? दुपारी? गठ्ठा घेऊन?” काका सगळ्यांच्या मागे, शिक्षेला नेलेल्या माणसासारखे चढत होते.

काकांच्या घरात बसायला जागा नव्हती. काही पलंगाभोवती, काही दारात, काही बाहेरच्या सज्जात. काकूंनी केस विंचरून ठेवले होते. भावोजींना धाप लागलेली बघून त्यांनी पाण्याचा तांब्या दाखवला आणि वेळ घालवला नाही.

“मला मागची खोली हवी,” त्या म्हणाल्या.

आमच्या सभांत हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं ते कुणालाच सुचेना.

काका कळवळून म्हणाले, “अगं, आपलं चाललंय की.”

“तुमचं चाललंय. मी कुठं चालते?”

भावोजी घाम पुसत म्हणाले, “काकू, तुमची गरज दिसतेच आहे. मुद्दा असा, की खोली सभासदांसाठी आहे. काकांनी मागितली तर प्रश्नच मिटला.”

सगळे काकांकडे वळले. काकांनी मान हलवली. म्हणाले, “मालकांच्या वेळी मी कधी हात पसरला नाही. आता तुमच्यापुढे पसरू?”

“आमच्यापुढे?” भावोजी म्हणाले. “काका, ती तुमचीच आहे.”

“असेल. माझ्या तोंडातून निघत नाही ते.”

मला इतकं चिडायला झालं होतं, की मी पलंगाची दांडी घट्ट धरून उभी राहिले. एकीकडे हक्क म्हणून देणारा माणूस, दुसरीकडे भीक समजून नाकारणारा माणूस, दोघंही सज्जन, आणि मध्ये ही बाई चादरीखाली.

काकूंनी उशीमागून शर्टांचा गठ्ठा काढला आणि भावोजींच्या हातात ठेवला. म्हणाल्या, “हे तुमच्या कारखान्याचे ना? ही बटणं कोण लावतं असं तुम्हाला वाटतं?”

भावोजी शर्ट हातात घेऊन उभेच. माणसाला काम ही शिक्षा नसते, ती भूक असते, असं त्यांनी आम्हाला कितीदा सांगितलं असेल. कुणी मागे लागलं नाही तरी माणूस काम करतो, फक्त ते त्याचं असलं पाहिजे. आणि इथं ती भूक समोर उशांना टेकून बसली होती तर यांना ओळखता येईना. त्यांनी एक बटण ओढून बघितलं. दुसरं ओढून बघितलं. मुद्दा असा, एवढं म्हणाले आणि पुढचं आलंच नाही.

घाई पलंगाच्या कडेला टेकली. तिनं एक शर्ट उचलला, उलटा केला, मागचे टाके बघितले. इतके दिवस जिच्या नवऱ्याला बोलत होती तिच्याकडे तिला वर बघवेना. मग म्हणाली, “मी लावलेलं बटण चार धुण्यांत निघतं. यांना सभासद करून घ्या, खोली द्या, आणि मला घरी जाऊ द्या.”

हात वर झाले. काकांचा झाला नाही. ते सज्जाकडे तोंड करून उभे होते. भावोजींनी विचारलं, काकांचं मत काय धरायचं? काकू म्हणाल्या, “त्यांचा हात इस्त्रीनं भाजलाय असं समजा.”

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवून त्यांना खाली आणलं. खुर्चीचे पुढचे दोन पाय काकांनी धरले आणि कुणालाही धरू दिले नाहीत. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. कुणी कौतुक केलं की म्हणायचे, मी नको म्हटलं होतं. पण दुपारी आता ते इस्त्री बंद करत नाहीत, नुसती उभी करून ठेवतात, आत जाऊन येतात, तोवर ती गारही होत नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. काकू मागतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी खिडकीला पडदा मागितला, मग जास्त उजेडाचा दिवा, मग आणखी एक उशी, मग दुपारी ओव्हरलॉक जरा लांब सरकवा म्हणाल्या, डोकं उठतं. खोलीतून आवाज आला की भावोजींच्या हातातला खडू थांबतो. ते म्हणतात, गरज आहे, देऊ, आणि चेहरा असा करतात, की मला दिवसभराचं व्रत सांभाळणं अवघड होतं. घाई तर उघडच म्हणते, काय हो, किती लागतं या बाईंना. लागेल तेवढं घ्या असं आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो, आणि कुणी खरंच घेतलं तर सगळे दचकलो.

परवा काकूंनी उघड्या दारातून मला विचारलं, “आणि तुम्हाला काय हवंय हो?”

मी काजांच्या मशीनपुढे स्टुलावर बसले होते. म्हटलं, “मला काय, माझं चाललंय.”

“तुमच्या व्रतात खोटं बोललेलं चालतं?”

मशीन थांबलं. मी समोरच्या शर्टाचा दोरा तोडला. मग म्हटलं, “पाठ टेकायची खुर्ची.”

भावोजी कापडावरून उठून आले. माझ्या स्टुलाकडे त्यांनी असं पाहिलं, जसं ते आजच कुणी तिथं आणून ठेवलं असावं. म्हणाले, “आधी का नाही सांगितलंत, वहिनी?”

घरी पातेल्यात रात्रीचा भात टाकायचा होता आणि मला तो खायचा होता. म्हणून मी काही बोलले नाही.